शेवटच्या कडव्यातलं नाव

तळं आटलं म्हणून आमच्या गावाला गाण्याची जागा मिळाली. दुष्काळानं आम्हाला दिलेली ही एवढी एकच गोष्ट, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करते. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता. आधीच्या मोठ्या दुष्काळात तो आमच्याच माणसांनी खोदलेला, आणि भरावाला आतून जे काळे दगड पायऱ्यांसारखे बसवले होते त्यातले कितीतरी माझ्या वडिलांनी फोडलेले. त्या वर्षी तळ्यात पाणी तर नव्हतंच, चिखलही राहिला नव्हता. सगळा तळ भेगाळून पडला होता आणि त्या भेगांत गुरं पाय मुरगाळून घ्यायची. पण एका अंगाला उंच भराव, बाकी तिन्ही अंगांना उतार आणि मधे ही मोठी परात. मधे उभं राहून कुणी नुसतं खाकरलं तरी वरच्या दगडावर बसलेल्याला ऐकू यायचं. आता लातूरला उघड्यावरची नाट्यगृहं बघते, गोल पायऱ्यांची, सिमेंटची. बघितली की म्हणते, आमचं याच्याहून चांगलं होतं आणि बांधायला कुणी कंत्राटदार लागला नव्हता.

मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते आणि द्रुपदाबाईंच्या मागे वेडी होते. वेडी म्हणजे खरोखरची वेडी, उगाच म्हणायचं म्हणून नाही. द्रुपदाबाई नांदेडकडच्या एका गायन पार्टीत गायच्या. भीमगीतं, कव्वाल्या, जयंतीची गाणी, लग्नातली गाणी. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर एका चहाच्या हॉटेलात त्यांची कॅसेट लागायची. बाजाराला आईबरोबर गेले की मी त्या हॉटेलाच्या खांबाला टेकून उभी. आई दंड धरून ओढायची, "चल गं, बस जाईल," आणि मी म्हणायचे, "जाऊ दे." त्या श्वास कुठं घेतात, कुठल्या शब्दाला आवाज मुद्दाम फोडतात, ढोलकी थांबल्यावर 'हां' कधी म्हणतात, सगळं मला पाठ होतं. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर त्यांचा फोटो होता, त्यात भांग डाव्या बाजूला होता. मी तसा भांग पाडायला लागले तर वस्तीतल्या बायांनी आईला विचारलं, "गयाबाई, पोरगी कुणीकडं चालली गं तुझी?" मी कुणीकडं चालले नव्हते. कोरड्या तळ्यात शेण गोळा करायला जायचे आणि टोपली खाली ठेवून, तांब्या तोंडापुढं धरून गायचे. भरावावरच्या शेळ्या माना वर करून ऐकायच्या. तसले गुणी श्रोते मला पुढं जन्मात मिळाले नाहीत.

माझ्या वडिलांचं नाव लिंबाजी. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही. मी बाबा म्हणायचे आणि आई 'हे' म्हणायची, 'मुक्ताचे बाप' म्हणायची, फारच अडलं तर 'आमच्या घरचे'. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. रेशनच्या दुकानात दुकानदार विचारायचा, "कार्ड कुणाच्या नावावर?" तर आई मला पुढं ढकलायची, "सांग गं." मी घरी नसले तर ती रेशन न घेता परत यायची, पण नाव घ्यायची नाही. मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो. माझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव फडक्यात बांधून मन्याड नदीत सोडले. नवस गेले, अंगात येणं गेलं, मेलेलं ढोर ओढणं गेलं, गावाच्या भाकरीवर जगणं गेलं. एवढं सगळं गेलं आणि ही एक भीती काही घरातून गेली नाही. मी वाद घालायचे तर आई म्हणायची, "तुला काय जातंय बोलाया? जीव त्यांचा हाय."

आणि जीव खरंच तोळामासाच होता. वडील आयुष्यभर दगड फोडत आले. घण, छिन्नी आणि नाकातोंडात जाणारी भुकटी. आमच्या घरातला पहिला आवाज कोंबड्याचा नसायचा, वडिलांच्या खोकल्याचा असायचा. त्याच्यापाठोपाठ आईचं चुलीवर तवा टाकणं, मग भाकरीचं थापणं. हायब्रीड ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालापिठाची, पातळ आमटी, कधी करडईच्या तेलात कालवलेली तिखट चटणी. पाणी एवढं कमी की ताट धुवायचं नाही, राखेनं पुसून ठेवायचं. वडील फार बोलायचे नाहीत. एकेकाळी त्यांचा आवाज असा होता म्हणे की, वस्तीतल्या गाणाऱ्यांत ते सगळ्यांच्या पुढं उभे राहायचे. मला त्यांचा तो आवाज आठवत नाही. मला समजायला लागलं तेव्हा तो भुकटीनं खाल्लेला होता.

आई मात्र गायची. दळताना, भाकरी करताना, पाण्याच्या रांगेत. तिचं एक आवडतं गाणं होतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते.

पाटी घे गं लेकी, पाटी घे गं हाती,
तुझ्या अक्षरानं उजळंल ही माती.

शेवटच्या कडव्यात ती 'दगड फोडी' एवढं म्हणायची आणि पुढं नुसतं गुणगुणायची, 'हं हं हं', आणि मग 'दावी साळंची वाट'. मला वाटायचं ते गाणंच तसं आहे. आणि एकदा अहमदपूरला मामेबहिणीच्या लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो, तर भोंग्यावर द्रुपदाबाई लागल्या. पाटीचं गाणं! आमच्या आईचं गाणं आणि द्रुपदाबाईंचा आवाज! माझ्या अंगावर काटाच आला. बँजो, ढोलकी, मागं कोरस, काय थाट. शेवटच्या कडव्याला त्यांनी म्हटलं, 'दगड फोडी सटवाजी, दावी साळंची वाट'. वडिलांचा घास हातातच राहिला. ते हळूच म्हणाले, "हे गाणं माझं हाय. मुक्ताला साळंत घातलं तवा मी जोडलेलं."

पंगत हसली. हसणारच. आमच्यात गाणी जोडणारे घरोघर होते, आणि गाणं कुणाचं हे ओळखायची एकच रीत होती. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, गाणं त्याचं. कागदावर कुणी काही लिहीत नव्हतं, लिहिता येत होतं कुणाला? नाव हीच मालकी. पंगतीतला एकजण म्हणाला, "लिंबाजी, मंग तुझं नाव कुणी खाल्लं? उंदरानं?" तेव्हापासून वडिलांना गावात 'कवीराज' म्हणायला लागले. रस्त्यानं जाताना पोरंसुद्धा, "कवीराज, एक होऊन जाऊ द्या." तळ्याच्या कामावर त्यांनी ते गाणं म्हटलेलं ऐकणारी म्हातारी माणसं मरून गेली होती किंवा साखर कारखान्याकडं निघून गेली होती. वडील पुन्हा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. एकदा फक्त मी ऐकलं, भाकरी मोडता मोडता स्वतःशीच म्हणाले, "सटवाजीनं दगड कवा फोडला?" आणि मी मधल्यामधे. एकीकडं बाप, एकीकडं द्रुपदाबाई. दोघांतलं कुणीतरी खोटं असणार आणि मला दोघांपैकी कुणीच खोटं पडायला नको होतं.

त्याच सुमारास लातूरचा जिल्हा झाला. आमच्याकडं त्याचं कौतुक एवढंच, की कचेऱ्या बांधायच्या म्हणजे दगड लागणार. ठेकेदाराची माणसं गावोगाव फिरायला लागली. शेतात काम नव्हतं, विहिरींना पाणी नव्हतं, तेव्हा घण उचलता येणारा प्रत्येक माणूस लातूरला निघाला. वडिलांनीही नाव दिलं. आई म्हणाली, "एवढ्या खोकल्यात चाललाव?" ते म्हणाले, "हितं काय खोकला कमी येतो का?" जाणाऱ्यांनी ठरवलं की निघायच्या आधी एक गाण्याचा कार्यक्रम करायचा, सगळी वस्ती परत एकत्र कधी बसंल कुणास ठाऊक. आणि पार्टी कुणाची आणायची, तर द्रुपदाबाईंची.

चावडीपुढची जागा आम्हाला मिळाली नाही. का नाही, ते सांगत बसत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हा कुणालातरी तळं सुचलं. तळं सरकारचं, तिथं कोण अडवणार? आणि कार्यक्रम दिवसा ठेवायचा, हे बायांनी ठरवलं. विहिरीच्या तळाला जे थोडं पाणी झिरपायचं ते रात्री, पाण्याची पाळी रात्रीची. रात्री गाणं ठेवलं तर बायांनी ऐकायचं कधी? पुरुषांनी कुरकुर केली, दिवसा कुठं कव्वाली असते का म्हणून. आई म्हणाली, "मंग तुमी भरा पाणी." विषय मिटला. ऊन कलल्यावर सुरू करायचं आणि दिवस बुडता बुडता उरकायचं असं ठरलं.

पार्टी सकाळी आली आणि शाळेच्या खोलीत उतरली. जेवण वस्तीनं घराघरांतून करून न्यायचं होतं. आमच्या वाट्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आईनं ती टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि स्वतः घागर कमरेवर घेतली. घरातलं होतं नव्हतं ते सगळं पाणी त्या घागरीत होतं. मी म्हटलं, "समदं?" ती म्हणाली, "गाणाऱ्या बाईचा घसा हाय." मला वाटलं ती माझ्यासारखीच द्रुपदाबाईंना बघायला निघाली आहे. तिच्या मनात काय होतं ते तिनं मला वाटेत सांगितलं. "मुक्ता, उद्या हे जातील. एकदा त्यांचं नाव त्यांच्या गाण्यात, आपल्या लोकांसमोर यावं. मी त्या बाईला इचारणार हाय." मी म्हटलं, "आई, नको गं. लाज जाईल." ती म्हणाली, "जायची ती गेली की पंगतीत."

द्रुपदाबाई शाळेच्या ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. पायात धूळ, अंगावर विटकं लुगडं, केस तेलानं चोपडलेले, भांग मधोमध. मी भाकरीची टोपली उतरवायची विसरून बघतच राहिले. शेजारी पेटीवाले बसले होते, काटकुळे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. तेच सटवाजी. पार्टीचे मालक आणि द्रुपदाबाईंचे मालक. आईनं जयभीम घातला, पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, ते पाटीचं गाणं आमच्या घरातलं हाय."

सटवाजी कंटाळून म्हणाले, "माय, जिथं जातो तिथं कुणीतरी हेच म्हणतंय. शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं हाय?"

"तुमचं हाय. पण गाणं ह्यांचं हाय."

द्रुपदाबाईंनी घोटभर पाणी घेतलं, गिळलं नाही, घशात फिरवून मग गिळलं. म्हणाल्या, "म्हणून दाखवा बरं."

आई खाली बसली. डोळे मिटले आणि म्हणायला लागली, जशी चुलीपुढं म्हणते तशीच. शेवटचं कडवं आलं. 'दगड फोडी... हं हं हं, दावी साळंची वाट'. सटवाजींचा हात पेटीच्या झाकणावर होता, तो तिथंच थांबला. द्रुपदाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

"अशीच," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच. हदगावच्या अंगाला कापसाच्या रानात बाया म्हणायच्या. मी त्यांच्याकडून उचललं हे गाणं. ह्याच जागी समद्याजणी गुणगुणायच्या. मी इचारलं, हितं काय हाय? तर म्हणल्या, हितं असंच हाय. मंग आमच्या ह्यांनी त्या जागी आपलं नाव बसवलं. मोकळी जागा होती ना, माय. चोरलं न्हाई आम्ही."

आई एकदम म्हणाली, "हदगाव माझं माहेर." आणि मग, "वेचणीला गेले व्हते. मीच शिकवलं समद्यांना." तिचा चेहरा असा झाला की मला टोपली टाकून तिला धरावंसं वाटलं. बापाचं नाव कुणी खाल्लं नव्हतं. तिनं ते घेतलंच नव्हतं, म्हणून ते गाण्याबरोबर गेलंच नाही. आयुष्य वाढावं म्हणून जपलेलं नाव, आणि तेच असं हरवून बसलो!

द्रुपदाबाई म्हणाल्या, "मंग आता सांगा नाव. आज घेते मी." आईनं तोंड उघडलं, मिटलं आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं, "सांग गं." मी सांगणार तेवढ्यात सटवाजींनी हात वर केला. "पोरीनं न्हाई सांगायचं. गाणं ह्यांच्या तोंडातनं गेलंय, नाव बी ह्यांच्याच तोंडातनं येऊ द्या. गावोगाव माझ्या नावानं वाजलेलं गाणं हाय हे. मी माझं नाव काढावं अन् घरच्या बाईला ते घ्यायला बी जड व्हावं, हे बरं न्हाई." मला त्यांचा इतका संताप आला! आता विचार करते तर वाटतं, माणूस चूक बोलत नव्हता.

"एवढा खोकला हाय त्यांना," आई म्हणाली. "उद्या परमुलखात चाललेत. अन् मी आज नाव घेऊ?" द्रुपदाबाई तिच्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "मी रोज स्टेजवर नवऱ्याचं नाव घेते, बाई. पहिल्यांदा घेतलं तवा पाय कापत होते माझे. रातभर ह्यांचा श्वास चालतोय का ते बघत बसले. बसलेत की अजून, बघा, चांगले खडखडीत." सटवाजी चष्मा पुसायला लागले. आई उठली, रिकामी घागर घेतली आणि निघाली. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, संपलं.

ऊन कललं तसं तळं भरायला लागलं. पाण्यानं नाही, माणसांनी. वस्तीतले सगळे, आजूबाजूच्या वाड्यांतले, आणि भरावाच्या पलीकडच्या टोकाला गावातले शेतकरी, मधे चारपाच हात दगड मोकळे सोडून. पण आले होते, एकाच भरावावर बसले होते, हेही त्या गावात पहिल्यांदाच होत होतं. मी दुपारपासून पोतं टाकून पुढची जागा धरली होती. तळाच्या मधोमध दोन बैलगाड्या जोडून स्टेज केलेलं, वर सतरंज्या, दोन्ही बाजूला भोंगे, लांब जनरेटर धडधडत होता. वडील वर, अगदी वरच्या दगडांवर, एका कडेला बसले होते. आई बायांत, माझ्या बरीच मागं.

द्रुपदाबाई आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. निळी साडी, डाव्या बाजूला भांग, ताठ मान. शाळेच्या ओट्यावरच्या त्या बाई कुठं गेल्या कुणास ठाऊक. ढोलकीवर पहिली थाप पडली आणि ती माझ्या छातीत पडली. कॅसेटवर गाणं कानात येतं. तिथं ते जमिनीतून येत होतं, भेगांतून, मांडीखालच्या पोत्यातून. पहिला आलाप त्यांनी माईकपासून तोंड लांब नेऊन घेतला आणि तो भरावाला जाऊन थडकून परत आला तेव्हा त्या स्वतःच हसल्या. बँजोवाला वेड्यासारखा वाजवत होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो, ओरडत होतो, मी तर रडतही होते, कशाला ते विचारू नका. दिवसभर टँकरची वाट बघून सुकलेली तोंडं एकेक करून उघडली आणि सगळं तळं गायला लागलं. एवढ्या माणसांचा एक आवाज होतो आणि त्यात आपला कुठला ते कळेनासं होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. त्या तासा-दोन तासांत तहान लागल्याचं मला तरी आठवत नाही.

दिवस भरावाच्या मागं टेकला आणि पाटीचं गाणं आलं. पहिल्या ओळीलाच बायांनी उचललं. मी मागं वळून आईला शोधलं. ती गात नव्हती. वर बघितलं तर वडील खाली मान घालून बसलेले, जवळचा कुणीतरी त्यांना ढोसत होता, कवीराज, तुमचं आलं. एक कडवं झालं, दुसरं झालं. द्रुपदाबाईंनी शेवटचं धरलं. 'दगड फोडी', आणि थांबल्या.

ढोलकी थांबली. बँजो थांबला. सटवाजींनी पेटीचा एक सूर नुसता धरून ठेवला. कुणीतरी ओरडलं, "माईक गेला! माईक गेला!" आणि दोघंतिघं जनरेटरकडं पळाले. द्रुपदाबाईंनी हात हलवून त्यांना थांबवलं. परत म्हणाल्या, 'दगड फोडी', आणि परत थांबल्या, आणि हात बायांच्या दिशेनं पुढं केला. गर्दीला काही कळेना. कुणीतरी हौसेनं 'सटवाजी' म्हणून ओरडलं, तर सटवाजींनीच मान हलवून नको म्हटलं. तिसऱ्यांदा 'दगड फोडी'. मी सांगते, त्या वेळी मला द्रुपदाबाई दिसत नव्हत्या. ज्यांच्यासाठी मी दुपारपासून तापल्या मातीवर बसले होते, त्यांच्याकडं पाठ करून मी आईकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, घे गं, घे ना.

आई उभी राहिली. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला. आणि गायली, माईकशिवाय, चुलीपुढच्या आवाजात.

दगड फोडी लिंबाजी, दावी साळंची वाट,
रात मागं पडली लेकी, पुढं उगवली पहाट.

तळ्यानं तो आवाज उचलला आणि शेवटच्या दगडापर्यंत नेला. बायांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्याचं नाव, भर लोकांत! मग सटवाजींनी, पेटीवाल्या सटवाजींनी, स्वतःच्या तोंडानं तीच ओळ म्हटली, लिंबाजीचं नाव घेऊन, आणि ढोलकीवाला ढोलकीवर तुटून पडला. सगळ्या तळ्यानं ते कडवं म्हटलं. पुन्हा म्हटलं. पलीकडच्या टोकाला बसलेल्यांनीही म्हटलं. मी वर बघितलं तर वडील उठले नव्हते, हसत नव्हते. ढोसणारा माणूस मात्र त्यांच्यापासून थोडा सरकून, हात जोडून बसला होता.

घरी जाताना वडील पुढं, आई मागं, मी तिच्या मागं. पाण्याच्या पाळीला जायचं म्हणून बाया घाईनं पुढं गेल्या होत्या. आई चालता चालता म्हणाली, "माझ्यापायी गेलं व्हतं तुमचं नाव. हदगावात. मला आज कळलं."

"मला ठाऊक व्हतं," वडील म्हणाले.

आई थांबली. "कवापासून?"

"तुला वेचणीहून आणाया आलतो की तवा. रानातल्या समद्या बाया त्या जागी गुणगुणत व्हत्या. तवाच कळलं."

"मंग बोलला का न्हाई? लोकं एवढी हसली तुम्हाला. मला एका शब्दानं..."

"बोललो असतो तर तू नाव घालून म्हणली असतीस." ते खोकले, बराच वेळ खोकले, मग म्हणाले, "अन् जिंदगीभर भीत राह्यली असतीस. कशाला उगी?"

आई रस्त्यातच रडायला लागली. मोठ्यानं, लाज न धरता. वडील म्हणाले, "आता कशाला रडायलीस? झालं की," आणि चालायला लागले. सकाळी ठेकेदाराचा ट्रक आला आणि ते लातूरला गेले.

तिथं त्यांनी कुठल्या कचेरीचा कुठला दगड फोडला ते मला माहीत नाही. मी पुढं त्याच शहरात नोकरी केली, म्हातारी झाले, अजून तिथंच राहते. जुन्या भिंतींवरून कधी कधी हात फिरवते, तेवढंच. वर्ष उलटायच्या आत वडील परत आले ते ट्रकमध्ये आडवे पडूनच, आणि आठवडाभरात गेले. घर बायांनी भरलं. अशा वेळी जे बोलायचं नसतं ते बोलणारी एकजण असतेच. ती दुसरीच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "तळ्यात नाव घेतलं व्हतं ना हिनं."

माझं डोकं असं फिरलं की मी उठलेच होते. पण आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. तिचे डोळे कोरडे होते. ती त्या बाईला म्हणाली, "नाव घेतलं म्हणून न्हाई गेले ते. दगड फोडून गेले. अन् तुला नाव घ्यायचं भ्या वाटत असंल तर मी सांगते. लिंबाजी. लिंबाजी नाव व्हतं माझ्या नवऱ्याचं."

कुणीतरी बुद्धवंदना सुरू केली आणि आई सगळ्यांबरोबर म्हणायला लागली.